आठ खणांचा वाडा

जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावात, गढीच्या पायथ्याशी, पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात ट्रॅक्टर उभा असतो. शेडच्या दारात चार घडीव तळखडे पडलेले आहेत. एकावर पाण्याचा रांजण ठेवतात, बाकीच्यांवर माणसे बसतात. २०१३ पर्यंत या तळखड्यांवर सागाचे खांब उभे होते आणि त्या खांबांवर आमच्या दादांचे घर. गाव त्याला वाडा म्हणे. देशमुखांच्या चौसोपी वाड्यापुढे त्याला वाडा म्हणणे जरा जास्तच होते. आठ खणांचे माळवद, पुढे ढेलज, मागे गोठा आणि गोठ्याला लागून धान्याचे बळद, एवढाच त्याचा विस्तार.

तो मोडला याचे दुःख आम्हांला आहे. पण या लेखाचा विषय ते दुःख नव्हे. जुन्या दगडी घरांबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख दरवर्षी कुठे ना कुठे येतात, आणि त्यांत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही घरे इतकी वर्षे अखंड राहिली, ती कोणाच्या जिवावर?

ज्यांचा जन्म सिमेंटच्या घरात झाला त्यांच्यासाठी त्या बांधणीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडे जमीन खणली की काळा पाषाण लागतो, म्हणून जोते पाषाणाचे. कमरेइतके उंच, घडीव चिऱ्यांचे. त्यावर दोन-अडीच हात रुंदीची भिंत: बाहेरून नीट बसवलेले दगड, आतून ओबडधोबड दगड, आणि मधल्या पोकळीत माती व दगडांची भर. वरच्या भागात भेंड्यांचे, म्हणजे कच्च्या विटांचे, बांधकाम. पण छताचा भार मुख्यतः खांबांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे हे फुटांत सांगायचे नाही, खणांत सांगायचे. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचाच्या फळ्या, त्यांवर निंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही माती गढीची. गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणायची आपली जुनी रीत आहे. पांढरीच्या मातीतून पाणी लवकर उतरत नाही हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाऊस कमी, ऊन कडक, अशा मुलखात सपाट मातीचे छत हा शहाणपणाचा उपाय होता. एप्रिल-मेच्या दुपारी ढेलजेत बसले की बाहेर आग पेटली आहे हे विसरायला होई.

बळदाबद्दल वेगळे सांगावे लागेल, कारण पुढे त्याचे काम आहे. बळद ही धान्याची कोठी. तिला खिडकी नसते. माळवदात एक गोल भोक असते, त्याला आमच्याकडे सवणे म्हणतात. ज्वारी वरून सवण्यातून ओतायची आणि खाली भिंतीतल्या लहान तोंडातून लागेल तशी काढायची. आमच्या बळदाला याशिवाय एक बुटके दार होते. माणसाने वाकून आत जावे एवढे. आत वर्षभर जुन्या ज्वारीचा आणि निंबाच्या पाल्याचा वास भरून असे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची राजवट संपली. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुजरले, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले आहे. आमच्या घरातल्या बायका-मुलांना शेजारच्या पाटलांनी आमच्याच बळदात ठेवले आणि बुटक्या दारासमोर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. आमच्या फुफी तेव्हा चार वर्षांच्या होत्या. त्यांना भीतीपेक्षा एक वेगळीच गोष्ट आठवते. सवण्यातून उजेडाची चकती आत पडायची आणि दिवसभर भिंतीवर सरकत जायची. तिच्याकडे पाहून दादी नमाजचे वक्त ठरवायच्या. फुफी आज एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या घरातल्या कोणत्या दगडावर उजेड केव्हा येत होता हे सांगू शकेल असे दुसरे कोणी आता जिवंत नाही.

दादा १९८५ मध्ये वारले. मागे दादी, तीन मुलगे आणि एक मुलगी. शरियतचा हिशेब अशा घरात इतका सोपा पडतो की पाचवीतले मूलही तो करील. विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्या सात हिश्श्यांत मुलाला दोन, मुलीला एक. तीन मुलांचे सहा, मुलीचा एक. म्हणजे घराचे बरोबर आठ भाग आणि घरही आठ खणांचे. एक खण दादींचा, एक फुफींचा, प्रत्येक भावाचे दोन. कोणी मुद्दाम आखून दिल्यासारखा हा मेळ होता, तरी तो कोणाच्या ध्यानात आला नाही. आला असेल तर कोणी बोलले नाही.

१९८७ मध्ये बडे अब्बांनी तहसिलीच्या गावाहून हक्कसोडपत्राचा कागद तयार करून आणला. फुफींना माहेरी बोलावणे गेले. ढेलजेत सगळे बसले. बडे अब्बा जे बोलले ते फुफींनी आम्हांला अनेकदा ऐकवले आहे. "तेरा हिस्सा निकाले तो एक खन तोडना पडेंगा. अब्बा का घर है, तोडना क्या? कबी बी आ, कबी बी रह, तेराच घर है." फुफींनी सही केली. त्यांना दोन साड्या मिळाल्या आणि दर उन्हाळ्यात आंब्यांची एक पाटी घरपोच जाईल असे ठरले. पाटी पाच-सहा वर्षे गेली.

यात आमच्या घराने काही जगावेगळे केले असे नाही. हक्कसोडपत्र हा शब्द मराठवाड्यातल्या प्रत्येक जातीच्या घरात माहीत आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तरी त्याच कचेरीत त्याच कागदावर सह्या होतच राहिल्या. फरक एवढाच की आपण मुसलमान याबाबतीत फार अभिमानाने बोलतो. चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला हिस्सा दिला हे आपण प्रत्येक जलशात सांगतो. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली तेव्हा ती वगळावी असे वाटणाऱ्यांत आपल्यातलेच जमीनदार होते, हे मात्र जलशात येत नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दबून गेली. त्यांना भूकंपाने मारले असे आपण म्हणतो, पण मारले ते अशाच घरांनी. भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या थराला जोडणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे हादरा बसताच दोन्ही थर सुटले. वर मातीचे छत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकायची, पण जुनी काढायची तसदी कोणी घेत नसे. बापाच्या मातीवर मुलाची माती, मुलाच्या मातीवर नातवाची. कुठे कुठे हा थर हात-दीड हात जाडीचा झाला होता. त्या वर्षी आमच्या गावात थंडीतही माणसे अंगणात झोपली. आमच्या घरातल्यांनी जुन्या घराकडे संशयाने पाहायला सुरुवात केली ती तेव्हापासून. जुन्या बांधणीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही पहाट विसरू नये. आणि तिचे निमित्त करून सगळेच मोडणाऱ्यांनी हेही विसरू नये की जुनी माती उतरवून, भिंतीत जोडदगड घालून अशी घरे बळकट करता येतात, आणि त्या भूकंपानंतर ती तशी केलीही गेली.

१९९६ मध्ये दादी गेल्या. अब्बा जालन्यात, चच्चा तेव्हाच्या औरंगाबादेत, बडे अब्बांची मुले पुण्यात. माळवदावर माती टाकायला कोणी राहिले नाही. माती टाकली नाही की एका पावसाळ्यात पाणी उतरते, दोन पावसाळ्यांत किलच कुजतो, आणि मग घर स्वतःहून खाली बसू लागते. २०१३ मध्ये जुन्या वाड्यांचे लाकूड घेत फिरणारा एक व्यापारी आला. खांब, तुळया, दिंडी दरवाजा, कोनाड्यांच्या चौकटी, सगळ्याचा भाव ठरला. घडीव चिरे दुसऱ्याने घेतले. जागा ट्रॅक्टरवाल्याने घेतली. सगळे मिळून सहा लाख तीस हजार रुपये आले आणि तिघा भावांनी सारखे वाटून घेतले. दोन लाख दहा हजार प्रत्येकी.

फुफींना हे कळले ते वाडा उतरल्यावर. त्या आमच्या घरी आल्या, पाणीही न पिता अब्बांसमोर बसल्या आणि एवढेच विचारले: "तोडनाच था, तो मेरा हक कायकू छुडाए?"

अब्बांनी उत्तर दिले नाही. त्या वर्षी आमचे बी.एड. चालू होते. ज्या कॉलेजात जागा मिळाली ते विनाअनुदानित होते आणि फी त्या दोन लाख दहा हजारांतून भरली गेली होती.

हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे डोक्यात ठेवून हिंडलो. त्याच काळात एका पुस्तकात इंग्लंडच्या खेड्यांतली दगडी शेतघरे आणि कोठारे पाहायला मिळाली. आम्ही इंग्लंड पाहिलेले नाही आणि पाहण्याचा संभव नाही. पण ती चित्रे पाहून परके वाटले नाही. तीच जाड भिंत, तेच धान्य, तीच जनावरे. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात तर शेताशेतांत दगडी गोठे आहेत: खाली गायी, वर सुके गवत, म्हणजे आपला गोठा आणि आपले बळद एकावर एक. ग्रेट कॉक्सवेल या गावी १२९२ च्या सुमारास बांधलेले एक कोठार आजही उभे आहे. दीडशे फुटांहून लांब, चव्वेचाळीस फूट रुंद, आणि आत लाकडी खांबांच्या दोन रांगा दगडी तळखड्यांवर उभ्या.

ते सातशे वर्षे कसे टिकले? पहिले कारण असे की ते एका ख्रिस्ती मठाचे होते. मठ मरत नाही, त्याला मुले नसतात, त्याची वाटणी होत नाही. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, पण तोपर्यंत कोठाराने अडीचशे वर्षे पाहिली होती. आपल्या ओळखीच्या शब्दांत ती वक्फसारखी गोष्ट झाली. जालन्याची काळी मशीद, तिच्या शेजारची सराय, मोती तलाव ही जमशेद खानाची कामे मानली जातात. जालना शहरातल्या किती हवेल्या गेल्या, पण मशीद राहिली, कारण तिचा वारस कोणी नव्हता.

मठ नसलेल्या साध्या शेतघरांचे आणि मोठ्या इस्टेटींचे काय? त्यांचे उत्तर इंग्लंडच्या वारसा कायद्यात आहे. तिथे मृत्युपत्र नसेल तर जमीन आणि घर थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना काही नाही, मुलगा असेपर्यंत मुलींना काही नाही. हा नियम १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. म्हणजे ज्या दगडी घरांची चित्रे पाहून आपण हरखतो, त्यांतली कित्येक अखंड राहिली कारण दर पिढीत बाकीच्या भावंडांना रिकाम्या हाताने दाराबाहेर पाठवले गेले.

या दाराबाहेर गेलेल्यांपैकी एक जण आमच्या जिल्ह्यात येऊन गेला. आमच्या गावाहून असई फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदीकाठी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली हा एका अर्लचा धाकटा मुलगा. किताब आणि मिळकत थोरल्या भावाकडे गेली. धाकट्याने फौजेत नशीब काढले. आमच्या गढ्यांच्या आसऱ्याने लढलेल्या माणसांना कुठून ठाऊक असणार की समोरचा सेनापती वाटणी न मिळालेला भाऊ आहे! हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१७ मध्ये पार्लमेंटने दिलेल्या पैशातून त्याच्यासाठी स्ट्रॅटफील्ड से ही इस्टेट घेतली गेली. ती आजही त्याच्या घराण्याकडे आहे आणि ड्यूकच्या किताबाबरोबर चालत आली आहे. धाकटेपणाची झळ ज्याने सोसली, त्याच्या दारातही नियम थोरल्याचाच.

जॉन रस्किन, ज्याच्या पुस्तकावरून गांधीजींनी सर्वोदयाचा विचार घेतला, त्याने १८४९ मध्ये जुन्या इमारतींबद्दल एक मुद्दा मांडला होता. त्याचा आशय असा की त्या मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण त्या आपल्या नाहीतच. काही अंशी त्या बांधणाऱ्यांच्या आहेत आणि काही अंशी पुढे येणाऱ्यांच्या. वाचताना आमच्या मनात लगेच अमानत हा शब्द आला. विचार सुंदर आहे. पण बांधणारे मेलेले आणि येणारे अजून जन्मायचे, या दोघांच्या मध्ये आज जिवंत असलेली, हिस्सा असलेली, आणि सहीसाठी बोलावलेली बहीण कुठे आहे? अमानतीचा शब्द तिच्यापुढेच वापरला जातो. भावांना तो आपापसांत कधी लागत नाही.

रस्किनपेक्षा विल्यम मॉरिसची गोष्ट आम्हांला जवळची वाटली. या कवी-कारागिराने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी इंग्लंडात संस्था काढली. जुने खरवडून नवे-कोरे करू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा, हा त्याचा आग्रह. म्हणजे आपल्या भाषेत, दर मृगाला माळवदावर माती टाका, आणि जुनी उतरवायलाही विसरू नका. तो १८७१ पासून केल्म्स्कॉट गावातल्या ज्या दगडी शेतघरावर जीव टाकत होता, ते सोळाशेच्या सुमारास एका शेतकरी घराण्याने बांधलेले. मॉरिस त्याचा मालक कधीच नव्हता. तो भाडेकरू होता. तो १८९६ मध्ये वारल्यावर त्याच्या विधवेने ते घर १९१३ मध्ये विकत घेतले, आणि नंतर मुलगी मे १९३८ पर्यंत, मरेपर्यंत, तिथे राहिली. आज ते घर पाहायला माणसे जातात ती मॉरिसच्या नावाने. पैसे मोजून ते राखले एका बाईने, आणि त्यात आयुष्य काढले दुसऱ्या बाईने. फुफींना विचारले असते तर? हा प्रश्न आम्ही अब्बांना एकदा विचारला होता. ते म्हणाले, "तिच्याकडे पैसे कुठे होते?" हिस्सा दिला असता तर थोडे असते, हे आम्ही तेव्हा बोललो नाही.

काही लोक म्हणतील, वाडा मोडायला शरियतची वाटणी कारण झाली, म्हणून थोरल्याचा कायदा बरा. दुसरे म्हणतील, दगड-लाकडाचा एवढा लोभ दीनदार माणसाला शोभत नाही. घर म्हणजे डोक्यावरची सावली, तिचे तुकडे झाले तर झाले. पहिल्यांना आमचे उत्तर असे की आमच्या वाड्यात वाटणी झालीच नाही. हिस्सा नाकारूनही वाडा गेला. दुसऱ्यांना उत्तर हनफी फिकहमध्येच आहे. तिथे वाटणीचे वेगळे प्रकरण असते आणि त्यात हम्मामाची, पिठाच्या चक्कीची उदाहरणे येतात. जी वस्तू तोडली तर कोणाच्याच कामाची राहत नाही, ती कोणा एकाच्या हट्टासाठी काझी तोडत नाही. ती सगळ्यांनी पाळीपाळीने वापरावी, त्याला मुहायात म्हणतात. नाहीतर एका वारसाने रजामंदीने ठरलेली रक्कम घ्यावी आणि बाजूला व्हावे, तो तखारुज. सहहिस्सेदाराला विकत घेण्याचा पहिला मान, तो शुफा. हक मोजायला भिंत पाडावी लागत नाही, हे त्या किताबांना कधीच माहीत होते. बडे अब्बांनी "एक खन तोडना पडेंगा" म्हटले तेव्हा ढेलजेत बसलेल्यांपैकी एकानेही म्हटले नाही की तोडायचे कशाला, किंमत करा.

घर अखंड ठेवण्यासाठी वक्फ अलल औलाद हाही मार्ग होता. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असे कौटुंबिक वक्फ नाकारले, १९१३ च्या कायद्याने ते पुन्हा मान्य झाले. पण अनेक घरांत तोही मुलींना बाजूला ठेवण्याची युक्ती म्हणून वापरला गेला. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याबद्दल आपल्या समाजात जो राग आहे तो आमच्याही मनात आहे आणि त्याची कारणे इथे सांगत बसत नाही; पण कौटुंबिक वक्फाने स्त्री वारसांचा हक बुडता कामा नये असे त्यात लिहावे लागले, याची लाज दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

राहिला सहीचा प्रश्न. फुफींनी सही केली होती, मग तक्रार कसली? कायद्याच्या कचेरीत हे उत्तर चालेल. पण वारसा ही अशी मालकी आहे की ती वारसाच्या इच्छेवर अवलंबून नसते; नुसते "सोडले" म्हणण्याने ती सुटत नाही असे आपले फकीह म्हणतात. आणि लाजेने, माहेर तुटेल या भीतीने दिलेली माफी ही माफी नव्हे असे कित्येक उलेमांनी बजावले आहे. शिवाय फुफींनी सही केली ती एका अटीवर. अट कागदावर नव्हती, पण सगळ्यांनी ऐकली होती: वाडा उभा राहील. वाडा ज्या दिवशी उतरला त्या दिवशी सहीच्या खालची जमीनच गेली.

हिशेबाला आम्ही बसलो ते एका विद्यार्थिनीमुळे. सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना आम्ही फळ्यावर गणित घातले: बाप वारला, आई, तीन मुलगे, एक मुलगी, आठ खणांचे घर, कोणाला किती? हिस्से आधी समजावून दिले होते. एका मुलीने वहीत तिन्ही भावांना एक तृतीयांश लिहिले आणि बहिणीच्या नावापुढे शून्य. आम्ही चूक दाखवली. ती म्हणाली, "घर तो भाइयों का रहता ना?" तिचे गणित चुकले नव्हते. तिने जे पाहिले ते लिहिले होते, आणि आमच्या घरीही नेमके तेच उत्तर आले होते.

त्या संध्याकाळी आम्ही पुढचे गणित मांडले. दादींचा आठवा हिस्सा त्यांच्या मागे पुन्हा सातांत वाटला की फुफींचा एकूण हिस्सा एक सप्तमांश होतो. सहा लाख तीस हजारांचे नव्वद हजार. प्रत्येक भावाचा दोन सप्तमांश, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. मिळाले दोन लाख दहा हजार. प्रत्येक भावाकडे फुफींचे तीस हजार. बारा वर्षांत तीस हजारांचे मोल काय उरले हा वेगळा हिशेब आहे. आम्ही तो केला, आणि आकडा पाहून वही मिटली. अब्बा २०२१ मध्ये गेले. मयताचे कर्ज आधी, वाटणी नंतर, हा नियम आम्हांला तोंडपाठ होता. अब्बांच्या मागे जे थोडेफार होते ते आम्ही भावंडांनी वाटून घेतले होते, बहिणीला तिचा हिस्सा देऊन, आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही झालो होतो. त्यात हे कर्ज कोणी धरलेच नव्हते.

बहिणीशी बोलून आम्ही पैसे जमवले. फुफींकडे गेलो. त्या आता मुलाकडे, भोकरदनला राहतात. असरची नमाज होऊन त्या बाजेवर बसल्या होत्या. लिफाफा हातात दिला आणि कशाचे ते सांगितले. नको नको म्हणतील, डोक्यावरून हात फिरवून परत करतील, असे आम्हांला कुठेतरी वाटत होते. खरे सांगायचे तर आम्ही त्याची वाटच पाहत होतो. फुफींनी चष्मा लावला, नोटा काढल्या, अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि पदराच्या गाठीला बांधल्या. मग आमच्याकडे पाहून विचारले, "और बाकी दोनों का?"

बडे अब्बांच्या मुलांना आणि चच्चांना फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.